स्वकीय कोण, परका कोण?

बाबा आमटे म्हटले की आनंदवन, हेमलकसा, भारत जोडो आणि नर्मदाकाठचे वास्तव्य हा क्रम मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आपोआप उभा राहतो. या भव्य चरित्रातील एक प्रसंग मात्र बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. १९४९ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेत असताना बाबांनी संशोधनासाठी त्या रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. रोग झाला नाही. त्यांच्या धैर्याची साक्ष म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु रोग का झाला नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर जुळवून आणण्यास वैद्यकशास्त्राला पुढे अर्धशतक लागले. ते उत्तर समजून घेतल्यावर बाबांचे धैर्य उणे ठरत नाही. उलट त्यांनी वरोऱ्याच्या माळरानावर आयुष्यभर काय केले, ते अधिक स्पष्ट होते.

जमीनदाराचा मुलगा

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. वडील सरकारी नोकरीत अधिकारी, घरी मोठी जमीनदारी. वरोऱ्याजवळच्या गोरजा गावी आमट्यांची शेती होती. घरातील थोरला मुलगा म्हणून मुरलीधराचे सर्व लाड पुरवले गेले. स्वतःची मोटार, बंदूक, शिकार, इंग्रजी चित्रपटांचा शौक असे त्याचे तारुण्य होते. त्याच वेळी जातीच्या भिंती त्याला खुपत. घरच्या नोकरांच्या मुलांबरोबर खेळण्यास आणि जेवण्यास असलेली बंदी त्याने लहानपणीच मोडली होती.

कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली आणि ती चांगली चालली. गांधीजींच्या सेवाग्रामशी संबंध आला. १९४२ च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्यांच्या बचावासाठी ते उभे राहिले आणि त्यांना स्वतःलाही तुरुंगवास घडला. रेल्वेच्या डब्यात स्त्रियांची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना एकट्याने अडवल्याची हकीकत गांधीजींच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी या तरुणाला अभय साधक हे नाव दिले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी काही महिने डोक्यावरून मैला वाहिला. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा विवाह इंदू घुले यांच्याशी झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या.

एका पावसाळी रात्री घरी परतताना त्यांना रस्त्याकडेच्या गटारात एक आकृती दिसली. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले, अखेरच्या अवस्थेतील तो कुष्ठरोगी होता. त्याचे नाव तुळशीराम. बंदुकीला न भिणारे बाबा त्या देहाला मात्र भ्याले आणि तेथून पळाले. घरी पोचल्यावर अभय साधक हे बिरुद त्यांना टोचू लागले. ते परत गेले, तुळशीरामावर आडोसा उभारला, त्याला भरवले, त्याच्या जखमा धुतल्या. तुळशीराम वाचला नाही. परंतु आपल्या मनातील ही भीती मुळापासून उपटली पाहिजे, असे बाबांनी ठरवले आणि तिच्या मागोमाग ते कोलकात्याला गेले.

कोलकात्यातील प्रयोग

विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा तोवर रुजली होती. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले होते. सेवाग्राममध्ये कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः गांधीजी करीत. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले होते. बाबांनीही दत्तपूरला उमेदवारी केली. तरीही या रोगाचे शास्त्र शिकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे त्यांनी ओळखले.

त्या वेळी हे शास्त्र एका विचित्र कोंडीत सापडले होते. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच कुष्ठरोगाचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पण प्रयोगशाळेतील काचपात्रात तो कशानेही वाढत नसे, आणि आजही वाढत नाही. त्या काळी तो प्राण्यांतही वाढवता येत नव्हता. उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढवण्यात शेपर्ड या अमेरिकी संशोधकाला १९६० मध्ये यश आले आणि आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यात तो वाढतो, हे १९७१ मध्ये दिसले. त्यापूर्वी माणसाचे शरीर एवढे एकच माध्यम उरत होते. या मार्गाचा इतिहास काळाकुट्ट आहे. हॅन्सनने एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीविना जंतू टोचले आणि त्यापायी १८८० मध्ये त्याला न्यायालयात उभे राहावे लागले. हवाई बेटांवर फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्यावर असाच प्रयोग झाला होता. दुसऱ्याच्या शरीरावर प्रयोग करण्याच्या या परंपरेत बाबांनी स्वतःचे शरीर पुढे केले.

जंतू वाढले नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने तो प्रयोग फसला. बाबा वरोऱ्याला परतले ते डॅप्सोन या नव्या औषधाची माहिती आणि रोगाची ओळख घेऊन. रोग का झाला नाही, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते.

छातीच्या हाडामागची शाळा

आज ते उत्तर बऱ्याच अंशी देता येते. कुष्ठरोगाच्या जंतूशी संबंध आला तरी सुमारे पंचाण्णव टक्के माणसांना हा रोग होत नाही. त्यांची प्रतिकारयंत्रणा जंतूला वेळीच ओळखते आणि निपटून काढते. ही ओळख पटवण्याचे काम रक्तातील टी पेशी करतात. या पेशींचा जन्म अस्थिमज्जेत होतो, पण त्यांचे शिक्षण थायमस नावाच्या ग्रंथीत होते. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर ही लहानशी ग्रंथी असते. शतकानुशतके ती निरुपयोगी समजली जाई. लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा ते उंदीर साध्यासुध्या संसर्गापुढेही हतबल झाले आणि या ग्रंथीचे मोल जगाला कळले.

थायमसमधील शिक्षण विलक्षण आहे. तेथे येणारी प्रत्येक कोवळी टी पेशी स्वतःची वेगळी खूण घेऊन घडते. कोणत्या जंतूशी केव्हा गाठ पडेल हे ठाऊक नसल्याने शरीर आधीच असंख्य प्रकारच्या पेशी तयार करून ठेवते. या आंधळ्या विविधतेत स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील अशा पेशीही निपजतात. म्हणून थायमसमधील काही पेशी शरीराच्या निरनिराळ्या अवयवांत आढळणाऱ्या प्रथिनांचे नमुने जागच्या जागी तयार करून या विद्यार्थ्यांपुढे मांडतात. स्वादुपिंडाचे, डोळ्याचे, त्वचेचे नमुने तेथे एकत्र पाहावयास मिळतात. जी पेशी अशा नमुन्याला शत्रू समजून घट्ट पकडते, तिला बहुधा तेथेच नष्ट केले जाते.

सगळ्याच पेशी मात्र मारल्या जात नाहीत. स्वकीय नमुन्याशी जवळीक दाखवणाऱ्या काही पेशींना वेगळी दीक्षा मिळते. त्या नियामक टी पेशी होतात आणि इतर पेशींचा अतिरेक आवरण्याचे काम आयुष्यभर करतात. स्वकीय नमुने जितके विविध, तितका या रक्षकांचा ताफाही विविध घडतो. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवली. अमेरिकेतील मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागचे जनुक शोधून काढले. ते जनुक बिघडलेली मुले जन्मतःच स्वतःच्या शरीराशी लढू लागतात. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कुष्ठरोगाकडे वळू. १९६६ मध्ये रीस या ब्रिटिश संशोधकाने उंदरांची थायमस काढून त्यांच्यावर क्ष-किरणांचा मारा केला आणि मग त्यांच्यात कुष्ठरोगाचे जंतू सोडले. धडधाकट उंदरात थोडे वाढून थांबणारे जंतू या उंदरांत बेसुमार माजले. कोलकात्याच्या प्रयोगातील न सुटलेल्या कोड्याची किल्ली येथे सापडते. थायमसमध्ये शिकून तयार झालेल्या टी पेशी हाच या रोगापुढचा मुख्य अडसर आहे आणि बहुसंख्य माणसांप्रमाणे बाबांच्याही शरीरात तो शाबूत असावा.

ज्यांना रोग होतो, त्यांची दोन टोके दिसतात. एका टोकाला शरीर जंतूवर इतक्या त्वेषाने तुटून पडते की जंतू थोडेच उरतात, पण ते ज्या मज्जातंतूंत लपलेले असतात ते मज्जातंतूही त्या धुमश्चक्रीत जळून जातात. दुसऱ्या टोकाला शरीर जंतूला जणू आपलाच मानून स्वस्थ बसते आणि जंतू कोट्यवधींनी वाढतात. नवल असे की हेच शरीर इतर रोगजंतूंशी नीट लढत असते. फक्त या एका जंतूपुरते ते मौन पाळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत इंदिरा नाथ यांनी या मौनाचा अनेक वर्षे अभ्यास केला. अशा रुग्णांत नियामक टी पेशींचे प्रमाण वाढलेले त्यांच्या गटाला आढळले. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. पण स्वतःचे रक्षण करण्यासाठी असलेली सहिष्णुता परक्याच्या पथ्यावर पडू शकते, हे त्यातून दिसते.

या सर्वांतून कळीची एक गोष्ट हाती लागते. कुष्ठरोगातील विद्रूपतेचा मोठा भाग जंतू घडवत नाही. शरीराने जंतूविरुद्ध पुकारलेल्या युद्धात मज्जातंतू मरतात, हातापायांची संवेदना जाते, मग चुलीचा चटका किंवा पायातला काटा कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. औषधाने जंतू मेल्यावरही कधीकधी त्यांच्या अवशेषांवर शरीर खवळून उठते आणि उरलेसुरले मज्जातंतू गमावण्याची वेळ येते. धोका ओसरल्यानंतरही चालू राहिलेला प्रतिकार हेच तेथे नुकसानीचे कारण असते.

सहा रुग्ण, चौदा रुपये

बाबा ज्या समाजात परतले, तोही असाच वागत होता. कुष्ठरोग्याला घराबाहेर, गावाबाहेर काढण्याची रीत त्या समाजाने स्वसंरक्षणासाठी घालून घेतली होती. रोगाची भीती समजण्यासारखी होती. परंतु रोग बरा झाला, जंतू उरले नाहीत, तरी माणसाला परत घेतले जात नसे. झडलेली बोटे पाहून त्याला जन्मभर परका ठरवले जाई. डॅप्सोनने जंतू मारता येत होते. या बहिष्कारावर औषध नव्हते.

वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा आणि साधनाताई आपल्या दोन लहान मुलांना, विकास आणि प्रकाश यांना घेऊन राहावयास गेले. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये होते. भोवती विंचू, साप आणि रात्री फिरणारी जनावरे. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. पहिले काम विहीर खणण्याचे होते. बोटे नसलेल्या हातांनी कुदळ धरून, आठवडेच्या आठवडे खडक फोडून पाणी लागले. मग शेती आली, भाजीपाला आला.

आणि तेथेच खरी अडचण उभी राहिली. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांसोबत इमारती बांधल्या आणि त्यांच्याच हातचे अन्न खाल्ले. परदेशी पाहुणे तेथे सुखाने राहतात, त्यांना काही होत नाही, हे गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा वरोऱ्याची पावले हळूहळू आनंदवनाकडे वळू लागली.

बाबांची दृष्टी येथे लक्षात घेण्याजोगी आहे. रुग्णांसाठी भिक्षा मागण्याचा मार्ग त्यांनी नाकारला. दान घेणारा हात परकाच राहतो. काम करून दुसऱ्याला काही देणारा हात समाजाचा होतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून आनंदवनात शेती, दुग्धव्यवसाय, हातमाग, सुतारकाम, लोहारकाम उभे राहिले. साठच्या दशकात तेथे महाविद्यालय निघाले. ते बरे झालेल्या कुष्ठरुग्णांच्या श्रमांतून बांधले गेले आणि गावातील निरोगी घरांची मुले तेथे शिकू लागली. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्यांच्या दारी गाव आपली मुले पाठवू लागले. अंध, मूकबधिर, निराधार अशांनाही आनंदवनाने सामावून घेतले. मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६७ पासून शहरी तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. पुण्यामुंबईच्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा कुष्ठमुक्त माणसाशेजारी बसून जेवण घेतले ते तेथे.

भामरागडच्या अरण्यात

आपले आणि परके ही रेघ कुष्ठरोग्यांपाशीच संपत नाही, हे बाबांना ठाऊक होते. चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अरण्यात शिकारीच्या निमित्ताने ते तरुणपणी भटकले होते. तेथील माडिया गोंड हे नकाशावर महाराष्ट्राचे होते, पण महाराष्ट्राच्या मनात त्यांना जागा नव्हती. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड परिसरातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नाही, रस्ता नाही, भाषा येत नाही अशा स्थितीत तेथे दवाखाना मांडला. आदिवासींचा विश्वास बसण्यास वेळ लागला. येथे परके होते ते डॉक्टर आणि त्यांना आपले म्हणायचे की नाही, हे माडियांनी ठरवायचे होते. १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि हेमलकसा त्यात गेले. याच दशकात इंद्रावती व गोदावरीवरील भोपालपट्टणम आणि इचमपल्ली धरणांमुळे अरण्य व माडिया गावे बुडणार, हे दिसताच बाबा त्याविरोधात उभे राहिले.

१९८५-८६ मध्ये पंजाब जळत असताना त्यांनी तरुणांना घेऊन कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. मणक्याच्या जुन्या दुखण्यामुळे त्यांना तोपर्यंत बसताही येत नसे. ते एकतर उभे राहत किंवा आडवे होत. वाहनातील खाटेवर पडून त्यांनी हा प्रवास केला. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावदला गेले आणि धरणग्रस्तांसोबत सुमारे दशकभर राहिले. मॅगसेसे, टेम्पल्टन, पद्मविभूषण, गांधी शांतता पुरस्कार असे मानसन्मान येत गेले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जाळला गेला नाही. आनंदवनाच्या मातीत तो पुरला गेला आणि त्यावर रोप लावले गेले. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या.

शिकण्याचे वय

बाबांच्या हयातीतच कुष्ठरोगाचे चित्र पालटले. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि सहा ते बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होऊ लागला. ही औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून कमी झाल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. तरी रोग संपलेला नाही. चंद्रपूर व गडचिरोलीत आजही नवे रुग्ण आढळतात. अंगावरचा बधिर चट्टा लपवला जातो, उपचार लांबतो आणि तेवढ्या काळात मज्जातंतू जातात. लपवण्याचे कारण पूर्वीचेच आहे, परके ठरण्याची भीती. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळले गेले ते २०१९ मध्ये. बाबांना जाऊन तोवर अकरा वर्षे लोटली होती.

शरीर आणि समाज यांची तुलना फार ताणू नये. शरीरात शिरलेला जंतू खरोखरच परका असतो आणि त्याला घालवणेच इष्ट असते. गावाबाहेर काढलेला माणूस परका कधीच नव्हता. आणखी एक फरक मोलाचा आहे. थायमस बालपणी जोमाने काम करते आणि पौगंडावस्थेनंतर आक्रसत जाते; आपले कोण, हे शरीराला बहुतांशी लहानपणीच शिकावे लागते. माणसाच्या मनावर असे बंधन नाही. गटारात पडलेल्या तुळशीरामापासून बाबा पळाले, तेव्हा ते शिकलेसवरलेले, चळवळीत तावून निघालेले प्रौढ गृहस्थ होते. आपले कोण, हे त्यांना त्या रात्री नव्याने शिकावे लागले.

कोलकात्यात टोचून घेतलेले जंतू त्यांच्या शरीराने त्यांना न विचारता परतवले. त्यात त्यांचे कर्तृत्व नव्हते. बहुतेक माणसांच्या वाट्याला येणारे ते निसर्गाचे दान होते. मात्र ते आपल्याला लाभलेले आहे, हे ठाऊक नसताना त्यांनी हात पुढे केला. आपल्याला ते ठाऊक आहे. औषध आहे, आकडे आहेत, शास्त्राने भीतीचे कारणही काढून घेतले आहे. तरीही बोटे झडलेला हात समोर आला की आपण अजून बिचकतो, आणि त्यावरची लस कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होणार नाही.